काकांच्या टायची गाठ

आमच्या भावकीत टाय एकच. मरून रंगाचा, काकांच्या लग्नात बीडच्या दुकानदाराने बांधून दिलेला. तेव्हा बसलेली गाठ पुढे कुणी सोडलीच नाही. घरात लग्न निघालं की नवरदेवाने फास सैल करून तो डोक्यातून घालायचा, वर ओढायचा. लग्न उरकलं की तसाच काढून काकांच्या खोलीतल्या खुंटीला लावायचा. त्या गाठीवर कितीतरी जणांची हळद बसली होती.

दादाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी मला भारी उत्साह आला. ते हळदीचे डाग काढायचे म्हणून मी गाठ सोडली, टाय शाम्पूने धुतला, कडक इस्त्री मारली आणि मिरवत अंगणात आणला. काका बघतच राहिले.

"गाठ कावून सोडलीस गं?"

"बांधू की परत."

"कोण बांधील? मलाच येत न्हाई! दहाला नवरीकडं दिंद्रुडला गाडी निघायची हाय!"

दादाचं तोंड एवढंसं झालं. सूट शिवून आल्यापासून रोज तो टाय लावून आरशात बघायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बांधते," म्हणून मी खोलीत शिरले आणि कडी लावली.

मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा, त्यामुळे त्याचा उजवा तो माझा डावा. पहिली गाठ दाव्याला मारतात तशी बसली. दुसरी ओढताच सुटली. तिसऱ्या खेपेला रुंद टोक छातीवर आणि बारीक टोक कमरेखाली! बाहेरून आई दार वाजवत होती, गाडीवाला हॉर्न देत होता. शेवटी मोबाइल पालथा टाकला आणि आरशासमोर उभी राहून मोठ्याने म्हणत सुटले: वरून, मागून, परत वरून, गळ्यातून वर, पुढच्या वेढ्यातून खाली. हलकेच ओढलं.

बसली! अशी सरळ, नेटकी, की मी जागच्या जागी उड्याच मारल्या. ड्रेसवर टाय तसाच लोंबत असताना धावत अंगणात आले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू देत! फास सैल करून टाय दादाच्या गळ्यात घातला, वर सरकवला. तो कॉलर चाचपत म्हणाला, "लई झ्याक बसलाय की!" मला रडूच आलं.

"आता सोडू नका रे कुणी," काकांनी सगळ्यांना बजावलं.

वरात घरी आली तेव्हा दादाने टाय काढून माझ्या हातात दिला. मी सगळ्यांसमोर गाठ सोडून टाकली. "आता कितीदाही बांधीन!"

काका ओरडतील असं वाटलं. ते माझ्यासमोर येऊन बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "मला शिकीव."