ट्रेलरवाले वजनकाका

वजनकाकांना हातात काही दिलं, की ते ती वस्तू आधी जोखत आणि मग बघत. खरं नाव कुणी घेतच नसे. ते कैनाड गावचे. घरची भातशेती सांभाळून आमच्या डोळे तपासणीच्या पथकात जीप चालवत. जीपमागे दोन चाकांचा छोटा ट्रेलर. आत तपासणीची खुर्ची, यंत्रं, पाण्याची टाकी आणि आम्हा दोघी नर्सना मुक्कामापुरते दोन बाक.

ट्रेलरच्या दाराशी पट्टी होती: भारासकट साडेसातशे किलो. "त्यातले पाचशे तर ट्रेलरच खातो," काका म्हणायचे. "उरले अडीचशे. त्यात पाणीपण धरा. एक लिटर म्हणजे एक किलो, बेन." आम्हा नर्सना ते बेन, म्हणजे बहीण, म्हणत.

एकदा आशागडहून निघायला उशीर झाला. डॉक्टरांनी घाईत जनरेटर ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवायला लावला.

"तो पुढं घेऊ, चाकांच्या वर," काका म्हणाले.

"अहो काका, इथल्या इथे तर जायचंय!"

उतारावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागला, जीपलाही ओढू लागला. समोरून मोटरसायकल येत होती. नवराबायको आणि मधे मूल. काकांनी ब्रेक मारला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवलं. झोके हळूहळू थांबले. मोटरसायकल शेजारून निघून गेली. मूल आम्हाला हात हलवत होतं.

काकांनी जीप कडेला घेतली आणि ते खाली उतरले. "रागावलो नाही डॉक्टर," ते म्हणाले, "पण जनरेटर पुढं घेऊ." जनरेटरची दुसरी बाजू डॉक्टरांनी स्वतः उचलली. पुढे ते काकांना विचारल्याशिवाय खोकंही चढवत नसत.

पण काका नुसते अडवणारे नव्हते. वेवजी गावात मोतीबिंदू काढलेल्या एका आजीने नव्या तांदळाचं पोतं आणवलं. नाही म्हणावं तर तिचा हिरमोड. काकांनी टाकीचा नळ सोडला, पोत्याच्या वजनाइतकं पाणी शेजारच्या शाळेतल्या वांग्यांच्या रोपांना दिलं आणि पोतं चाकांच्या वर नीट ठेवलं. "घ्या आजी, बसलं!"

मग काकांनाच कमी दिसू लागलं. तेव्हा त्यांनी मला ट्रेलर जोडायला, भरायला, मागे घ्यायला शिकवलं. ऑपरेशन छान झालं, तरी "आता शेती पुरे" म्हणत त्यांनी काम सोडलं. त्यांना कैनाडला पोचवायला मीच जीप चालवत होते, मागे भरलेला ट्रेलर. उतार लागला तशी माझी मूठ आवळली. चुकलं तर सांगतील, म्हणून मी हळूच बाजूला पाहिलं.

काका गाढ झोपले होते.