लग्नाच्या पैशांतून एसीचं सर्टिफिकेट

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशांतला एक भाग त्यांनी माझ्या नावानं बँकेत ठेवला. आमच्या घरी त्यांना ‘लग्नाचे पैसे’ असंच म्हणत. कित्येक वर्षं ते तसेच पडून राहिले. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. स्थळं यायची ती नागपूर-वर्ध्याकडची, आत्याच्या ओळखीतली. माणसं रायपूरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन बसायची, माझं अर्धं हिंदी झालेलं मराठी ऐकून एकमेकांकडे बघायची, आणि परत गेल्यावर रायपूर फार लांब पडतं असं कळवायची. मी तिशी ओलांडली तशी आत्याही काही सांगेनाशी झाली.

तेव्हा मी एका खाजगी शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडायचे. पगार इतका कमी होता की कुणी विचारलं तर मी वाढवून सांगत असे. त्याच सुमारास राज्याचं मंत्रालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत हललं होतं. नवा रायपूरला रोज नवी इमारत उभी राहते, असं पेपरात यायचं. आमच्या पाऱ्यातसुद्धा ज्यांच्याकडे कूलर होते त्यांच्या भिंतींवर एसी लागायला लागले होते. एका शॉपिंग कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर एसी-फ्रिज दुरुस्तीचा एक वर्षाचा कोर्स चालतो, सर्टिफिकेट मिळतं, ही बातमी बाबांनीच आणली. मी हसले. पण ते चौकशी करून आले होते.

कोर्सच्या ऑफिसातल्या माणसानं त्यांना जो पगार सांगितला त्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. म्हणून ते गोल बाजारामागच्या गल्लीतल्या एका एसी मिस्त्रीकडे जाऊन बसले. त्यानं चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. उन्हाळ्याचे चार महिने मरायला फुरसत नसते, पाऊस पडला की आठ महिने कोणी विचारत नाही. संध्याकाळी बूढ़ा तलावाच्या काठावर बसून बाबांनी हे सगळं जसंच्या तसं माझ्यापुढे ठेवलं. फी भरली की लग्नाच्या पैशांतलं जवळजवळ काही उरणार नव्हतं, तेही त्यांनी लपवलं नाही.

“पण तो घरातल्या एसीचं सांगून राहिला,” ते म्हणाले. “तिकडे नव्या राजधानीत सरकारी हापिसं हायेत. तिथले एसी बाराही महिने चालतीन.”

मी विचारलं, मुलीला हे काम कोण देईल? आणि उद्या एखादं स्थळ आलंच तर?

बाबांनी एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाले, “लग्नात टाकले का ते पैसे गेले. यात टाकले त तुह्या हातात कायतरी राहीन. मी किती दिवस पुरणार हाओ तुले?”

ठेव मोडायला आम्ही दोघं बरोबर गेलो.

ते वर्ष मला आवडलं, हे सांगायलाच हवं. वर्गात मी एकटीच बाई. शिकवणारे सर भिलाईहून बसनं यायचे, सगळ्यांवर सारखेच ओरडायचे. तांब्याची नळी कापायची, तिचं तोंड फुलवायचं, जोड द्यायचा आणि साबणाचा फेस लावून गॅस सुटतो का ते बघायचं. माझ्या जोडावर फेस तसाच राहायचा, एक बुडबुडा यायचा नाही. सर एकदा म्हणाले, “हाथ अच्छा है तेरा.” मी घरी येऊन बाबांना सांगितलं, तर त्यांनी ते फोन करून आत्याला सांगितलं.

शाळेची नोकरी सोडून, सर्टिफिकेट घेऊन मी काम शोधायला नवा रायपूरला जायला लागले. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस लहान दिसायचा. बस चुकली की तासभर सावली शोधत उभं राहायचं. मोठ्या इमारतींना घरासारखे एसी नव्हतेच. तळघरात एकच मोठा प्लांट, आणि त्याची देखभाल बाहेरून आलेल्या कंपन्यांकडे. त्यांना डिप्लोमावाले लागत, आमच्या कागदाला ते हातही लावत नसत. लहान इमारतींच्या गच्चीवरचे एसी बघणाऱ्या एका ठेकेदारानं मात्र तो शेवटपर्यंत वाचला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, “दीदी, आपको छत पर कैसे भेजूँ? कुछ हो गया तो जवाब कौन देगा?” फोनवर तक्रारी घ्यायचं काम आहे, ते करा म्हणाला. पगार शाळेत होता तेवढाच. मी नाही म्हणून उठले.

मग घरोघरी जाऊन सर्व्हिसिंग करायचं ठरवलं. पहिलं काम पाऱ्यातल्याच एका बाईंनी दिलं. मी एसीचं झाकण काढून जाळी धुवायला घेतली तेवढ्यात त्यांचे मिस्टर आले. मेकॅनिक कधी येणार, असं त्यांनी मला विचारलं. मीच आहे म्हटल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं, मला पाणी दिलं, आणि माझ्यासमोर दुसऱ्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा बरोबर यायला लागले. स्कूटर ते चालवायचे, मी मागे हत्यारांची पिशवी आणि घडीची शिडी सांभाळत बसायचे. दार उघडणारा माणूस बाबांशीच बोलायचा. पिकले केस बघून त्याला बरं वाटायचं. मी शिडीवर चढून बघायचे आणि मराठीत सांगायचे, “बाबा, गॅस कमी हाये.” बाबा गंभीर चेहऱ्यानं त्या माणसाला हिंदीत सांगायचे, “गैस कम है.” त्याला वाटायचं, मी बापाच्या हाताखाली काम शिकते आहे. आम्ही कधी ते खोडून काढलं नाही. स्कूटरवर परत येताना बाबा हसायचे, मीही हसायचे.

त्या उन्हाळ्यात कामं भरपूर आली. एकातून दुसरं मिळत गेलं. बाबा रोज रात्री जेवताना सांगायचे की अशा तीन उन्हाळ्यांत फी भरून निघते. मलाही ते पटायला लागलं होतं.

मे महिन्यात एका तीन मजली घराच्या गच्चीवर आम्ही भर दुपारी होतो. बाहेरच्या युनिटचा पंखा जळला होता. बाबांना मी खाली सावलीत बसायला सांगितलं, पण घरमालक वर उभा होता आणि बाबा खाली गेले असते तर काम मीच करते हे त्याला कळलं असतं. ते माझ्या बाजूला उघड्या डोक्यानं उभे राहिले, मधूनमधून हिंदीत काहीतरी सांगत. मग ते बोलायचे थांबले. मी वळून पाहिलं तेव्हा ते टाकीला टेकले होते आणि अंगाला घाम नव्हता.

दवाखान्यात सांगितलं की उन्हाची लू लागली, किडनीला मार बसला आहे. पंधरवडाभर ते तिथे होते. उन्हाळाभर जे कमावलं ते सगळं तिथे गेलं, आणि कमी पडलं ते आत्याकडून आणलं. ते घरी आले तेव्हा पायात जोर नव्हता. उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी एकटीनं काम चालू ठेवायचा प्रयत्न केला. ज्यांच्या घरी आम्ही आधी जाऊन आलो होतो ते विचारायचे, पप्पा नहीं आए? आजारी आहेत म्हटलं की म्हणायचे, ठीक हो जाएँ तब आना. मी त्यांना सांगून पाहिलं की काम मीच करत होते. एका घरातल्या बाई म्हणाल्या, “हव, हव, हमको मालूम है,” आणि दार लावून घेतलं. मग पाऊस लागला.

दिवाळीच्या आधी मी त्या ठेकेदाराकडे परत गेले. त्यानं जुनं काही काढलं नाही, फोनसमोर खुर्ची दिली. शाळेएवढाच पगार, त्यातून बसचं भाडं जातं. हत्यारं मी वर्गातल्या एकाला विकली. त्यानं दुकान टाकलं होतं. मला कामावर ठेवशील का, असं मी विचारणार होते, पण तोच म्हणाला की ऑफ सीझन आहे, त्याचंच भागत नाही.

परवा रात्री पडल्या पडल्या बाबांनी विचारलं, “तिकडे तुले कायी हातानं करू देतात का?”

मी म्हटलं, “नाही बाबा, फोनच घेऊन राहिली मी.”

त्यांनी मान हलवली. म्हणाले, “मले वाटलं होतं, हातात राहीन कायतरी.” मग कुशीवर वळून झोपले. मी त्यांच्या औषधाची वेळ झाली का ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी कणीक भिजवायला घेतली.