सबाचे कार्ड

वडील जाऊन महिना झाला, तरी मला एका जागी बसवत नाही. तारनाक्याच्या घरात त्यांची बुटांची खोकी आहेत, कार्डांनी भरलेली. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते जगातली गावे, बेटे, जुनी राज्ये मराठीत नोंदवू लागले. नियम एकच: छापील पुस्तकात पाहिल्याशिवाय कार्डावर शाई लागायची नाही. खाली ‘आधार’, म्हणजे पुस्तक आणि पान.

गेल्या थंडीत ते ‘सबा’पाशी अडले. येमेनमधले प्राचीन राज्य सबा. कॅरिबियन समुद्रातले चिमुकले बेटही सबाच. बेटाला राज्याचेच नाव मिळाले का, एवढेच त्यांना हवे होते. त्यांच्याने बसमध्ये चढवत नव्हते, म्हणून अफझलगंजच्या ग्रंथालयात मी जायचे ठरले.

मी गेले दिलसुखनगरला, पडद्यांचे कापड घ्यायला. परतताना बसमध्ये फोनवर कुणीतरी लिहिलेल्या दोन ओळी वाचल्या.

“राज्यावरूनच पडलंय नाव, बाबा.”

“पुस्तकात पाहिलंस, की त्या फोनबुवांनी सांगितलं?”

“पुस्तकात.”

“आणि पडदेही ग्रंथालयानेच दिले वाटतं!”

ते हसले, मीही हसले. पानाचा आकडा त्यांनी विचारला नाही.

परवा ते कार्ड हाती लागले. ‘बेटाचे नाव राज्यावरून.’ खाली शाईने: ‘आधार: लेक.’ इतर कुठल्याच कार्डावर माणसाचा आधार नाही. त्यांना कळले होते की नव्हते? जेवताना, कपडे वाळत घालताना तेच डोक्यात.

काल ते कार्ड पिशवीत घालून अफझलगंजला गेले.

“क्या होना, अम्मा?” काउंटरवरच्या बाईंनी विचारले.

काय हवे ते मला धड सांगता येईना. कपाटांमधून फिरले, बसले, पुन्हा उठले. राज्यावर जाडजूड ग्रंथ मिळाला. बेट एका जुन्या कोशात चार ओळींत होते. शेवटची ओळ: नावाचे मूळ निश्चित नाही.

वडील कार्डावर खाडाखोड करत नसत. दुरुस्ती खाली लिहीत. मी खाली ‘मूळ निश्चित नाही’ असे लिहिले, कोशाचे नाव लिहिले, पान लिहिले. मग थोडी जागा उरली. तिथे लिहिले: ‘लेकीने तेव्हा पुस्तक पाहिले नव्हते.’

घरी येऊन कार्ड खोक्यात ठेवले. चहा टाकला. चहा उकळायच्या आत जाऊन पुन्हा काढून पाहिले. त्यांच्या शाईखाली माझे अक्षर फारच बारीक आले आहे.