नावाआधीचं एक अक्षर

माझे थोरले दीर विमा कंपनीत मोठे साहेब होते आणि मला ते कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाईनं मनात अढी धरून लिहिलं असं पुढे कुणी म्हणायला नको. अढी होतीच, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं घातली होती.

ते मुंबईला राहायचे. लंडन, झुरिक, टोकियो असं त्यांचं सारखं चालू असायचं. सरकारनं विमा कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा भल्याभल्यांच्या खुर्च्या हलल्या, दिरांची मात्र जागची हलली नाही. कोल्हारला यायचे ते दिवाळीच्या पुढेमागे, पांढऱ्या फियाटमधून. आले की ओट्यावर रुमाल अंथरून बसायचे. आपल्याच बापाच्या ओट्यावर, बरं का. दुष्काळाच्या साली आम्ही रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खात होतो. त्यांनी एक तुकडा मोडला, बोटात चुरगाळला आणि म्हणाले, "अमेरिकेत हे डुकरांना घालतात." माझी पोरं तेव्हा ताटावर बसलेली. डोक्यात नुसती तिडीक गेली माझ्या. पण थोरल्या दिरापुढं सुनेनं तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून गिळून बसले.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, मात्र या लेकाचं कौतुक पुरायचं नाही. लेक विमा उतरवतो म्हणजे दृष्ट उतरवतात तसलंच काहीतरी पुण्याचं काम करतो, अशी त्यांची पक्की समजूत. गल्लीतल्या बायकांना सांगायच्या, "आमी एकाची दृष्ट काढून दमतो, त्यो हजारांचा इमा उतरवतो." मी समजावून सांगायची सोडून दिली होती. धाकटा लेक, म्हणजे माझा नवरा, रोज त्यांचे पाय चेपायचा, त्याचं कौतुक कधी ओट्यापर्यंतसुद्धा आलं नाही.

एका दिवाळीत दिरांनी जाहीर केलं की विद्यापीठात ते एक सभागृह बांधून देतायत, आणि त्याला आईचं नाव देणार आहेत. खोटं कशाला बोलू, तेव्हा मलाही बरं वाटलं. आत्याबाई तर हरखूनच गेल्या. पोथीपुरतं अक्षर त्यांना येत होतं. "दगडात कोरनार का रं माझं नाव?" असं त्यांनी दोनदा विचारलं. "संगमरवरात," दीर म्हणाले.

पुढं उद्घाटन झालं आणि आम्हाला ते झाल्यावर कळलं. यांनी विचारलं तेव्हा दीर म्हणाले, "अरे, सगळी भाषणं इंग्रजीत. एवढी मोठमोठी माणसं. तिला प्रवास झेपला नसता."  त्या दिवसापासून आत्याबाईंनी एकच धोशा लावला, मला माझं नाव बघू दे. तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करू, पण या वयात नजर राहीलच असं नाही. त्यावर म्हातारी अडून बसली. आधी नाव बघीन, मग डोळ्याला हात लावा.

"दादाला विचारून ठरवू," हे म्हणाले. यांचं सगळं आयुष्य दादाला विचारण्यात गेलं. मी म्हटलं, विचारत बसा तुम्ही, आणि सकाळच्या एस.टी.नं आत्याबाईंना घेऊन निघाले. नगरला गाडी बदलली. सगळ्या वाटेनं म्हातारीनं ठेवणीतल्या इरकली लुगड्याला सुरकुती पडू दिली नाही.

विद्यापीठात विचारत विचारत त्या सभागृहापाशी पोचलो. दाराशी एक शिपाई बसला होता. त्यानं विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोन न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "ह्ये माझ्या नावाचं हाय."

त्यानं भिंतीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "अहो आजी, ज्यांच्या नावाचं आहे त्या तर..." आणि तो थांबला. तेव्हा मी भिंतीकडं पाहिलं. पांढऱ्याशुभ्र दगडात कोरलेल्या काळ्या अक्षरांत आत्याबाईंचं नाव होतं, आणि नावाच्या आधी होतं 'कै.'

 मी त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "बघितलं ना, चला आता, ऊन लागंल." पण त्यांना नुसतं पांढरं-काळं दिसत होतं, वाचता येत नव्हतं. त्यांनी माझा हात सोडवला, पुढं झाल्या आणि बोटानं अक्षरं चाचपायला लागल्या. नावापासून सुरुवात केली. एकेक अक्षर ओठांत पुटपुटत शेवटापर्यंत गेल्या, हसल्या, आणि परत पहिल्यापासून धरायला म्हणून बोट मागं नेलं ते जरा जास्तच मागं गेलं. तिथं थांबलं. वरच्या दोन मात्रा त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपल्या.

"देवळातल्या समईवर असतं ह्ये," त्या म्हणाल्या. "मेल्याल्या मानसांच्या नावानं देत्यात त्या समईवर."

मी म्हटलं, कारागिराची चूक असेल. शिपाई बिचारा मान खाली घालून म्हणाला की मजकूर साहेबांनी स्वतः पसंत केला होता, आणि उद्घाटनाच्या भाषणात ते आईच्या आठवणीनं रडलेसुद्धा होते. म्हणजे म्हातारी इकडं कोल्हारात ज्वारी पाखडत होती आणि हा गृहस्थ तिकडं तिच्या नावानं रुमाल भिजवत होता. मला त्या दगडावर थुंकावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

 परतीच्या गाडीत मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आत्याबाई, जित्या माणसाची मेल्याची वार्ता उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात."

"वार्ता लोक उठवत्यात," त्या म्हणाल्या. "ह्यो माझ्या पोटचा हाय."

घरी आल्यावर त्यांनी ऑपरेशनला चक्क नाही म्हणून सांगितलं. आता काय बघायचं राहिलंय, म्हणाल्या. यांनी हातापाया पडून पाहिलं. मी तर भांडलेसुद्धा. उपयोग झाला नाही. दिवाळीपर्यंत उजेड-अंधार कळण्याइतकंच उरलं.

दिवाळीत फियाट आली. आम्ही जाऊन आल्याचं दिरांच्या कानावर गेलेलं असणार, कारण येताना त्यांनी आईसाठी बाहेरदेशातली लोकरीची शाल आणली होती आणि चेहरा गोड केला होता. "आई," म्हणत वाकले. आत्याबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मग हात पुढं करून त्यांचं डोकं शोधलं आणि केसांतून बोटं फिरवली. मला वाटलं, विरघळली म्हातारी. शेवटी लेक तो लेक.

"आई गेल्यावर लेक डोकं भादरतो," त्या म्हणाल्या. "तुझं केस तर जागच्या जागी हायेत."

दीर तसेच वाकलेले. एवढी दुनिया हिंडलेला माणूस, पण मान वर करायचं धैर्य होईना. मग त्यांनी समजावायला सुरुवात केली, ऑफिसात गिऱ्हाइकाला समजावत असतील तशी. "आई, असा दगड पुन्हा पुन्हा नाही बदलता येत. शंभर वर्षांचं काम असतं. मी पुढचा विचार केला. आज ना उद्या ते अक्षर घालावंच लागणार होतं, म्हणून आधीच..." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. 

आत्याबाईंनी केसांतून हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"मग उद्याच यायचं हुतं," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडं तोंड करून, "पोरी, पाव्हन्यास्नी पानी दे. लांब जायचंय त्यास्नी."

मी तांब्या भरून आणला आणि पाहुण्यांच्या पुढं ठेवला.