तीन ठिपके

ऑफिसात सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण कुणी सहज "बाजार काय म्हणतो?" विचारलं तरी तो फळ्यावर आलेख काढूनच उत्तर द्यायचा. गुंतवणूक कंपनीत बावीस वर्षं त्याचं एकच काम: दोन फंडांच्या परताव्यांचं एकमेकांशी काही नातं आहे का, हे रिग्रेशन लावून तपासायचं. दर महिन्याचा एक ठिपका आणि ठिपक्यांच्या गर्दीतून काढलेली एक सरळ रेघ. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, असं त्याला वाटे. वाटायला काय जातं!

ताईने शिवणकाम करून त्याला शिकवलं होतं. आता तिचे डोळे थकले होते. दोनेक वर्षांत मशीन बंद करायचं ठरवून तिने सगळी पुंजी धाकट्या भावापुढे ठेवली. त्याने दोन फंड तपासले. साठ महिन्यांचे साठ ठिपके. सत्तावन्न शहाण्यासारखे रेघेजवळ बसले: एक फंड पडला की दुसरा चढतो. तीन मात्र भलतीकडेच होते, दोन्ही फंड एकदम आपटले ते महिने. "अपवाद," असं म्हणून त्याने ते काढून टाकले. रेघ इतकी देखणी झाली, की त्याने ती छापून ताईला दिली.

"एक पडला तर दुसरा सावरेल. बिनधास्त टाक."

यंदा दोन्ही एकदम आपटले. ताईची निम्मी पुंजी गेली.

तो तिच्या घरी गेला तेव्हा आलेख मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेला होता. ताईने पाणी दिलं. "तोंड का पाडतोस? बाजारापुढे तू काय करणार? तुझी रेघ तर सरळ होती."

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. तेच त्याला सहन होईना. शरमेने मान वर होत नव्हती. त्याने तिचा कापडावर खुणा करायचा निळा खडू उचलला आणि आलेखावर खाली डाव्या कोपऱ्यात तीन ठिपके काढले.

"हे आधीपासून होते. मी काढून टाकले."

"का रे?"

"रेघ बिघडत होती."

ताईने त्या तीन ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"कापडाचा डागाळलेला भाग मीही कापून टाकते," ती म्हणाली. "पण गिऱ्हाइकाला सांगून."

मग चष्मा पुसून ती मशीनच्या सुईत दोरा ओवायला बसली. दोनदा हुकला. त्याने हात पुढे केला. तिने दोरा दिला नाही.