अहिपाराच्या ट्रॅम्पोलिनवर कुरडया

ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये ऐन हिवाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजत घालणारी बाई आजवर एकच झाली, ती म्हणजे फलटणच्या सुशीलाबाई. मुलाकडे, रणजितकडे, सहा महिने राहायला आलेल्या. बरोबर नवरा, म्हणजे रावसाहेब, आणि सामानात साडीच्या घडीत गुंडाळलेला पितळी सोऱ्या. दोघांपैकी जास्त जपून कोणाला आणलं, हे विचारू नये.

खोडी काढली ती शेजारच्या आशालताबाईंनी. लेकीकडे राहून त्यांना दहा वर्षं झाली, त्यामुळे हा देश आपणच वसवला अशा थाटात त्या बोलतात. मराठी मंडळाच्या बायका चहाला जमल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या जेवणाचा बेत चालला होता. सुशीलाबाई म्हणाल्या, "कुरडई माझ्याकडे." आशालताबाईंनी बिस्कीट चहात बुडवलं. "अहो सुशीलाताई, इथे कुरडई होत नाही. इथलं ऊन नुसतं बघायला असतं. दुकानातून आणा नि तळा."

बायका हसल्या. सुशीलाबाई हसल्या नाहीत. फलटणला लेकीच्या रुखवतात मांडायला लोक त्यांच्याकडून कुरडया करून न्यायचे. "होत नाही" हे शब्द त्यांच्या हाताला कुणी कधी ऐकवले नव्हते. "शनिवारी बघाच," म्हणाल्या, आणि घरी येऊन गहू भिजत घातले.

त्या दिवशी ऊन लख्ख होतं. फलटणच्या एप्रिलमध्ये आज ऊन आहे म्हणजे उद्याही असणारच, तो भरवसा त्यांनी ऑकलंडच्या आभाळावर टाकला. गहू भिजून फुगले, वाटून झाले, बादलीत पांढराशुभ्र चीक खाली बसला, आणि आभाळ जे गळायला लागलं ते थांबेना. आंबलेला चीक काही जेवणाच्या शनिवारपर्यंत वाट बघत नाही. सुशीलाबाई काचेच्या दाराशी उभ्या राहून पावसाकडे अशा बघत होत्या, जसं काही तो आशालताबाईंनीच सोडला होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, सुट्टी. रणजित ईस्ट टामाकीच्या गोदामात इंजिनिअर, तो सकाळी फोनमध्ये हवामान चाळत बसला होता. "आई, वर टोकाला ऊन आहे बघ. अहिपाराला. शनिवार, रविवार, दोन्ही दिवस."

"किती लांब?"

"पाच तास धर."

सुशीलाबाईंनी स्वेटर चढवला, बादलीला फडकं बांधलं. म्हणजे ठरलं.

"उत्तरेला कुठलं आलंय ऊन?" रावसाहेब म्हणाले. "हिमालय कुठे आहे, दक्षिणेला?"

"बाबा, इथे सगळं उलटं. नॉर्थला ऊब, साउथला गारठा."

सून राजश्रीची ड्युटी होती, ती घरीच राहिली. पण गाडी बाहेर काढली तर दारात आशालताबाई, हातात बॅग, गळ्यात मफलर. "मी पण येते. सूर्य सापडला तर साक्षीदार नको का?"

मग काय, पुढे बापलेक, मागे दोघी, आणि दोघींच्या मधे मानाच्या पाहुणीसारखी बादली. ब्रिंडरविनच्या घाटात गाडी वळली की चीक हिंदकळायचा आणि चार हात एकदम कडीवर पडायचे. "तुम्ही कशाला धरताय?" सुशीलाबाई. "माझी साडी नवीन आहे," आशालताबाई.

फांगारेईच्या पुढे ढगाला निळं भोक पडलं. "ऊन, ऊन, डावीकडे," रावसाहेब जंगलात वाघ दिसल्यासारखे सीटवरून उठले. रणजितनं गाडी हळू केली, तेवढ्यात भोक बुजलं. पुढे कावाकावाजवळ परत दिसलं, परत गेलं. आता सगळेच काचेला नाक लावून बसले. आशालताबाईसुद्धा. मधेच भान येऊन त्या मागे टेकल्या, पण डोळे बाहेरच.

काइताया मागे पडलं आणि वायपर थांबले. अहिपाराला उतरले तर अख्खा किनारा पिवळाधमक. सुशीलाबाईंनी तवा तापला का बघावा तसा उन्हात तळहात धरला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कोवळं आहे. पण आहे."

हॉलिडे पार्कच्या मालकीणबाई मेरे, दांडग्या आणि हसऱ्या. "किया ओरा. बादलीत काय?" रणजितनं सगळं समजावलं. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास, असं म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराची चावी त्याच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत पातेल्यात आधण आलं. मीठ, हिंग, आणि वरून चिकाची धार. खरी परीक्षा इथे, हात थांबला की गुठळी. सुशीलाबाई घोटत होत्या, आशालताबाई हाताची घडी घालून बघत होत्या. मनगट भरून आलं, डाव जरासा थांबला, आणि आशालताबाईंना राहवेना. "सरका, सरका, खाली लागेल." डाव हिसकावून पदर खोचून अशा काही घोटायला लागल्या, की सुशीलाबाई बघतच राहिल्या. चीक काचेसारखा झाला. दोघींनी बोटभर चाखला.

सोऱ्यातून गरम गरम कुरडया प्लास्टिकवर पडल्या. जागा सुशीलाबाईंनीच निवडली. थंडीत ऊन दक्षिणेकडून येतं, जन्मभराची सवय. रावसाहेबांनी फोनमध्ये होकायंत्र बघून दुजोरा दिला, "दक्षिण हीच." केबिनच्या दक्षिणेला प्लास्टिक अंथरून दोघं ऊन यायची वाट बघत बसली.

ऊन आलं. केबिनच्या पलीकडे.

सुशीलाबाईंना वाटलं, फिरेल, येईल. आशालताबाई कपबशी घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांना तर पहाटेच कळलं होतं. इथे सूर्य उत्तरेकडूनच चालतो, दहा वर्षांत एवढं त्यांनी पाहिलं होतं. आता नुसतं गप्प बसायचं. कुरडया सावलीत ओल्याच राहणार, पुढच्या शनिवारी मंडळात "मी म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणायचं. त्यांनी चहाचा घोट घेतला. कुरडयांकडे पाहिलं. घोटून घोटून दुखणारा दंड चोळला.

"अहो, उठा," त्या एकदम म्हणाल्या. "ऊन तिकडे येतंय, ते बघा. पोरांचं ते उड्या मारायचं जाळं. काळं आहे, तापतं, खालून वाराही लागतो."

रणजित अंथरुणातून उठून आला, मेरेबाई चप्पल न घालताच धावल्या. चौघांनी प्लास्टिकचे चार कोपरे धरले आणि मधे रावसाहेब, पोट आत घेऊन, "हळू, हळू, डावीकडे." कुरडयांची पालखीच निघाली म्हणा. ट्रॅम्पोलिनवर प्लास्टिक टेकलं आणि सुशीलाबाईंनी काळ्या कापडाला हात लावून बघितला. चटका नाही, पण ऊब होती.

दोन दिवस ट्रॅम्पोलिनला पहारा. ढग आला की आशालताबाई सगळ्यांच्या आधी पळायच्या. रविवारी दुपारी कुरडया वाजायला लागल्या, फक्त मधली गाठ ओलसर. मग परतीच्या वाटेवर गाडीच्या मागच्या काचेखाली त्या मांडल्या आणि हीटर फुल. ब्रिंडरविनला रावसाहेब बनियनवर आले होते. "ऊन शोधायला निघालो नि गाडीतच भाजलो," म्हणाले. खिडकी कुणी उघडू दिली नाही.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या स्वयंपाकघरात तेल तापलं. सुशीलाबाईंनी पहिली कुरडई सोडली. कुरडई बुडाली, क्षणभर दिसेनाशी झाली, आणि मग फुलत फुलत झाऱ्यात मावेना. बाहेर पंगतीत आशालताबाईंचा आवाज चढला होता. "इथे कुरडई उत्तम होते हो. मी पहिल्यापासून सांगतेय. फक्त जागा कळायला हवी."

सुशीलाबाईंनी आतून ते ऐकलं, कुरडयांचं ताट भरलं. बाहेर आल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी कुरडई आशालताबाईंच्या पानात वाढली.

"आणि घोटायला हात," त्या म्हणाल्या.

आशालताबाईंनी वर पाहिलं आणि कुरडई मोडली. कुर्रकन आवाज सगळ्या पंगतीनं ऐकला.