मावशींनी मोडलेली मधली सुट्टी

आमच्या शाळेत भिंतीवरची घड्याळं अकरा आहेत आणि अकराही वेगवेगळी वेळ दाखवतात. म्हणून शाळा चालते ती मावशींच्या टोलावर. जिन्याखाली स्टुलावर मावशी, डोक्यावर पितळी घंटा, मांडीवर लाकडी हातोडा. टोल पडला की गणिताचे सर अर्धं समीकरण फळ्यावर सोडून बाहेर पडतात. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, एकदा भाषणात टोल पडला म्हणून शेवटचं वाक्य गिळून खाली बसले होते.

मावशी पदाने शिपाई, रुबाबाने सेनापती. बावीस वर्षं त्या जिन्याखाली गेली. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत शिवणयंत्र घेऊन पळाला. "माणूस गेला त्याचं काही नाही, मशीन चांगलं होतं," असं त्या अजून सांगतात. एकटीने लेक वाढवली, ती आता नर्स आहे. पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना मात्र मावशीच औषध लावतात. फुंकर कमी, शिव्या जास्त.

गेल्या वर्षी या बाईंनी शाळेची मधली सुट्टी बंद पाडली. त्या गोष्टीत मी काही फारसा शोभून दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी भूगोल शिकवतो.

नववीतल्या एका मुलीने वर्गातल्याच दुसऱ्या मुलीसाठी वहीत चार ओळी लिहिल्या होत्या. तू मला आवडतेस, एवढंच. वही पोरांच्या हाती लागली, मोठ्याने वाचली गेली, आणि तिचं नाव पडलं 'नवरदेव'. ती दिसली की तोंडाने बँडबाजा, बाकावर कागदाची फुलं, डब्यात खडूचा चुरा. दुसरी मुलगी घाबरून तिच्याशी बोलेनाशी झाली. हे सहा महिने चाललं. शिक्षकांच्या खोलीतल्या आम्हा चौदा जणांना सगळं दिसत होतं. "वयच तसं आहे, थट्टा करायचीच पोरं," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. मोठ्या सरांना तर तो विषय तोंडाने उच्चारताच येईना. ते "तो... तसला... प्रकार" म्हणायचे आणि पाणी प्यायचे.

मग तिचा शाळा सोडण्याचा अर्ज आला. खाली वडिलांची सही, कारणाच्या रकान्यात 'पोट दुखते'. कारकुनाने तो मोठ्या सरांकडे न्यायला मावशींच्या हाती दिला. मावशींनी तो वाचला, फायलीत घातला, फाइल स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. फायलीवर बसणारे साहेब आम्ही ऐकून होतो, पण खरोखरच फायलीवर बसणाऱ्या मावशीच पहिल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, तिसऱ्याच मिनिटाला, कुणीतरी ओरडलं, "ए नवरदेव!"

टण्!

सुट्टी संपली. पहिला घास तोंडात धरून सहाशे पोरं वर्गात. आणि आम्ही? आमच्या चहाला नुकती उकळी फुटली होती. पुढच्या दिवशी चौथ्या मिनिटाला टण्, त्याच्या पुढच्या दिवशी दुसऱ्या मिनिटाला टण्. सहा महिने जे आम्हाला दिसूनही दिसलं नव्हतं, ते बिनचहाच्या तिसऱ्या दिवशी लख्ख दिसायला लागलं.

आम्ही सगळे तक्रार घेऊन मोठ्या सरांकडे गेलो. मावशींना बोलावणं गेलं.

"सुट्टी वीस मिनिटांची असते, मावशी!"

"त्या पोरीला सहा महिने एका मिनिटाचीसुद्धा नव्हती. तेव्हा कुणी घड्याळ बघितलं?"

"पण तो... तसला... प्रकार..."

"कसला प्रकार? तिला मुलगी आवडते. मला पुरुष आवडला होता, त्याने काय उजेड पाडला?" असं म्हणून मावशींनी हातोडा टेबलावर ठेवला. "घ्या, तुम्हीच वाजवा."

मोठे सर पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः घंटा सांभाळली, फोनवर बोलता बोलता विसरले, आणि आठवीने सलग दोन तास गणित भोगलं. संध्याकाळी हातोडा सन्मानाने परत गेला.

मग शाळेने कधी पाहिला नव्हता असा पहारा सुरू झाला. मधल्या सुट्टीत जिन्यात गणिताचे सर, नळापाशी विज्ञानाच्या बाई, मैदानावर मी. कुणी तोंडाचा चंबू केला तरी आम्ही धावून जायचो. नाव काय तर मुलीची प्रतिष्ठा, पण खरं कारण चहा. पोरंही एकमेकांची तोंडं दाबायला लागली. दोन आठवड्यांत सुट्टी सतरा मिनिटांवर आली. मग एके दिवशी चक्क पूर्ण वीस मिनिटं! आम्ही कप एकमेकांवर आपटून आनंद साजरा केला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी लागताच मी वाफाळता कप घेऊन दारात उभा राहिलो, ती समोरून गेली, आणि माझ्या जिभेला काय झालं कुणास ठाऊक. "काय, नवरदेवाचा बँड बंद पडला वाटतं!"

टण्!

सहाशे पोरं थबकली. कोण बोललं? मावशींनी जिन्याखालून हातोडा उचलून सरळ माझ्याकडे रोखला. पाचवीतलं एक चिमुरडं हातात डबा धरून माझ्याकडे असं बघत होतं की मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. लाज वाटली, खरोखरची.

पुढचा तास माझाच, नववीवर. मी तिच्या बाकापाशी गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "माझं चुकलं. माफ कर."

"पोरांचं मी चालवून घेत होते, सर," ती खाली बघत म्हणाली. "पण मागे एकदा वर्गात बँड वाजवला तेव्हा तुम्हीही हसलात. अर्ज मी त्या दिवशी घरी जाऊन लिहिला."

मला ते हसणं आठवतही नव्हतं. तिला तारीख, वार, तास सगळं पाठ होतं.

"आता... राहशील का?"

"उद्या पहिला तास तुमचाच आहे. बघते."

दुसऱ्या दिवशी ती आली. पहिल्या बाकावर बसली, वही उघडली, आणि चाळीस मिनिटं फळ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी शपथेवर सांगतो, नद्या शिकवताना इतका घाम मला आयुष्यात फुटला नव्हता. तास संपल्यावर ती जवळ आली.

"अर्ज मागे घेते, सर. पण माझं लक्ष आहे."